शेजारधर्म आणि दफनभूमींतील भिंत

सन २०२५ च्या आरंभीं, एका महिन्याच्या आंत, दोन गाऱ्हाणीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आलीं. त्यांची वार्ता छापली गेली, आणि बहुतेकांनीं ती दुसऱ्या दिवशीं विसरूनही टाकली. दोहोंतही दाद मागणारे लोक धर्मानें ख्रिस्ती होते. दोहोंतही ते जन्मानें अशा जातींचे होते कीं ज्यांस आपल्या समाजानें पिढ्यान् पिढ्या गांवकुसाबाहेर ठेविलें. आणि मेलेल्या माणसास कोणत्या मातींत जागा मिळावी, हा प्रश्न दोहोंतही होता. भेद इतकाच कीं, पहिल्या प्रकरणांत अडविणारे लोक परधर्मी होते, आणि दुसऱ्यांत ते स्वधर्मीच असल्याचा आरोप होता. हीं दोन प्रकरणें एकत्र ठेवून वाचलीं असतां त्यांतून जो बोध निघतो, तो आमच्या वाचकांपुढें, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, मांडावा असें आम्हांस वाटतें.

पहिलें प्रकरण छत्तीसगडांतील बस्तर जिल्ह्याचें. छिंदवाडा नामक गांवीं महरा जातींतून ख्रिस्ती झालेल्या एका घराण्यांतील धर्मोपदेशक जानेवारीच्या ७ व्या तारखेस वारला. गांवच्या स्मशानांत, जेथें त्याच कुटुंबांतील माणसें पूर्वीं पुरलीं होतीं, तेथेंच बापास माती द्यावी अशी मुलाची इच्छा होती. गांवकऱ्यांनीं हरकत घेतली. उच्च न्यायालयानें शांततेचा भंग होईल या भीतीनें मुलाची विनंति नाकारली. प्रेत शवागारांत पडून राहिलें. जानेवारीच्या २७ व्या तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचें मत एक झालें नाहीं. एकांच्या मतें कुटुंबाच्या खासगी जमिनींत दफन करूं द्यावें. दुसऱ्यांच्या मतें वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या गांवीं ख्रिस्त्यांसाठीं राखलेल्या जागींच तें व्हावें. वाद मोठ्या पीठाकडे गेला तर प्रेत आणखी ताटकळेल, म्हणून उभयतांनीं अखेरीस दूरच्या जागेचाच हुकूम दिला आणि सरकारनें बंदोबस्त पुरवावा असें सांगितलें. ज्या गांवांत घर होतें, त्या गांवची साडेतीन हात जमीन त्या मनुष्यास मिळाली नाहीं.

दुसरें प्रकरण तमिळनाडूंतील तिरुचिरापल्ली जिल्ह्याच्या कोट्टपाळयम् या धर्मग्रामाचें. तेथील दलित कॅथलिकांची तक्रार अशी कीं, मंदिराच्या वार्षिक उत्सवांत आम्हांस बरोबरीनें सामील करून घेत नाहींत, आमची वर्गणी स्वीकारीत नाहींत, कारभारांत आम्हांस स्थान नाहीं, आणि दफनाच्या कामींही आमच्याशीं दुजाभाव होतो. मद्रास उच्च न्यायालयांत दाद न लागल्यामुळें ते वरच्या न्यायालयांत गेले आणि फेब्रुवारींत त्यांच्या अर्जावर नोटिसा निघाल्या. या आरोपांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम आहे. तें आम्ही आपल्याकडे घेऊं इच्छीत नाहीं. परंतु त्याच तिरुचिरापल्ली शहरीं मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमींत दलितांच्या व इतरांच्या कबरी निराळ्या करणारी एक भिंत अनेक वर्षें उभी राहिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती कोणाच्या अर्जांतली नसून विटाचुन्याची होती. जीं माणसें एकाच देवाच्या नांवानें पुरलीं गेलीं, त्यांच्या हाडांसही परस्परांचा विटाळ होतो कीं काय?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीं जाऊन भिडतो. देवावर सर्वस्वीं प्रेम करावें, आणि आपल्यावर जितकें प्रेम असतें तितकेंच शेजाऱ्यावर करावें, या दोन आज्ञांत त्या धर्माचा सर्व आचार सांठविला आहे असें त्याचे अनुयायी मानतात. पैकीं दुसरी आज्ञा यहुदी शास्त्रांत पूर्वींपासून होती. येशूनें तिचा अर्थ कोठवर नेला, हें लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत पाहावें. एक शास्त्री त्यास विचारतो कीं, माझा शेजारी तो कोण? हा प्रश्न वकिली आहे. शेजाऱ्यांची यादी जितकी आंखूड करतां येईल तितकी करावी, हा त्यांतला हेतु. उत्तरादाखल येशू एक कथा सांगतो. यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एका मनुष्यास लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिलें. याजक आला तो बगल देऊन पुढें गेला. लेवी आला तोही गेला. मग ज्या शोमरोनी लोकांचा यहुदी विटाळ मानीत, त्यांतला एक आला. त्यानें जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्यास उताराच्या जागीं नेलें आणि पदरचे पैसे भरले. कथा संपवून येशू शास्त्र्यालाच उलट विचारतो कीं, तिघांपैकीं त्याचा शेजारी कोण झाला? शास्त्री यादी मागत होता. त्यास कर्तव्य सांगण्यांत आलें.

योहानाच्या शुभवर्तमानांत याच शोमरोनी लोकांतील एका स्त्रीपाशीं, विहिरीच्या कांठीं, येशू पाणी मागतो आणि ती स्त्री चकित होते, कारण तिच्या भांड्यानें यहुदी मनुष्य पाणी पिईल हें तिच्या स्वप्नींही नसतें. आमच्या मराठी वाचकांस या प्रसंगाचा अर्थ टीकेवांचून समजेल. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. डॉ. आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्या विहिरीच्या कांठीं जो प्रश्न होता, तोच या दोन्ही प्रसंगीं होता. अर्थात् शेजारधर्माची आज्ञा आमच्या देशांत पाण्याच्या व मातीच्या कसोटीस उतरली नाहीं, तर ती उपासनेच्या वेळीं कितीही सुस्वर वाचली तरी व्यर्थ होय.

या कसोटीस या देशांतील ख्रिस्ती मंडळी कितपत उतरली? इतिहास संमिश्र आहे, आणि तो सरळपणें सांगणेंच बरें. १६०६ सालीं मदुरा येथें आलेला इटालियन धर्मगुरु रोबेर्तो दे नोबिली यानें संन्याशाचा वेष घेतला, संस्कृत व तमिळ भाषा आत्मसात् केल्या आणि विद्वानांशीं वाद केले. परदेशाच्या चालीरीतींबद्दल इतका आदर त्या काळीं क्वचित् दिसे. परंतु जातिभेद हा धर्माचा नसून केवळ लौकिक दर्जाचा प्रकार आहे, असें म्हणून त्यानें तो मंडळींत चालूं दिला. उच्चवर्णीयांसाठीं निराळे व खालच्या मानलेल्यांसाठीं निराळे धर्मगुरु अशी व्यवस्था त्याच परंपरेंतून झाली. प्रॉटेस्टंटांकडेही फारसें निराळें नव्हतें. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालीं दक्षिणेंतील मंडळ्यांस जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकण्याविषयीं फर्माविलें, तेव्हां तंजावराकडील पुष्कळ लोकांनीं जात सोडण्याऐवजीं मंडळीच सोडली. तिनेवेल्ली प्रांतांतील वडक्कनकुळम् येथें १८७२ सालीं जें मंदिर बांधिलें, त्याच्या दोन स्वतंत्र शाखा वेदीपाशीं येऊन मिळत, अशासाठीं कीं वेल्लाळ व शाणार या दोन जातींनीं एकाच प्रभूची उपासना परस्परांचें तोंड न पाहतां करावी. तेथील मधली भिंत विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडण्यांत आली. परंतु तिच्यासाठीं झालेले तंटे पुढें बराच काळ आठवले गेले. त्रावणकोरांत पोयकयिल योहन्नान यांस मंडळीच्या आंतच जातिभेदाचा अनुभव आला व ते बाहेर पडले. १९१० च्या सुमारास त्यांनीं स्वतंत्र पंथ काढला. गोमंतकांत, जेथें ख्रिस्ती धर्म चार शतकांहून अधिक काळ नांदत आहे, तेथेंही बामण, चारदो, शूद्र हीं नांवें सोयरीक जमवितांना अजून कानीं पडतात, आणि कित्येक गांवांतील कॉन्फ्रारींचे मानपान विशिष्ट जातीच्या गांवकरांकडेच राहिले. डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराचा विचार करतांना ख्रिस्ती मंडळींतील या दोषाची कठोर चिकित्सा केली होती, ती निराधार नव्हती.

हें वाचून आमच्या हिंदु वाचकांपैकीं कोणास समाधान वाटत असेल, तर त्यांनीं क्षणभर थांबावें. ही भिंत रोमेहून अथवा लंडनहून आली नाहीं; तिच्या विटा आमच्याच भट्टींतल्या आहेत. जो मनुष्य बाप्तिस्मा घेऊन मंदिरांत शिरला, तो आपली जात उंबऱ्यावर काढून ठेवूं शकला नाहीं, कारण उंबऱ्याबाहेर उभे असलेले आम्ही सर्व त्यास त्याच नांवानें हांक मारीत होतों. बस्तरांतील त्या धर्मोपदेशकाच्या प्रेतास ज्यांनीं अडविलें, ते तरी दुसरें काय करीत होते? शेजाऱ्यांची यादी आंखूड करण्याचा रोग कोणा एका धर्माचा नव्हे.

त्याचबरोबर हेंही खरें कीं, ज्यांनीं ती भिंत आपल्या हातानें पाडली अशीं माणसें याच मातींत होऊन गेलीं, आणि महाराष्ट्रास त्यांचा विसर पडूं नये. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षें आपलें सोंवळें सांभाळून होत्या. तें सोंवळें कसकसें गळालें, इतर जातींच्या माणसांच्या हातचें अन्नपाणी त्यांस कसें चालूं लागलें, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत अगदीं मोकळेपणानें सांगितलें आहे. हा बदल एका व्याख्यानानें झाला नाहीं. तो स्वयंपाकघरांत, घागरीपाशीं, रोजच्या व्यवहारांत झाला, आणि म्हणूनच टिकला. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली आणून केडगांवास आसरा दिला, तेव्हां त्या कोणत्या जातीच्या हें पाहून पंक्ति मांडल्या नाहींत. खुद्द टिळकांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसही स्थान ठेविलें. त्यांच्या या धोरणाविषयीं त्यांच्याच मंडळींत मतभेद होते. तथापि शेजाऱ्यांची यादी वाढविण्याकडे त्यांचा कल होता, याविषयीं कोणाचा मतभेद असूं नये.

येथें एक आक्षेप येतो, त्याचा विचार केला पाहिजे. कित्येक लोक म्हणतात कीं, विविधता राखावी असें तुम्हीच सांगतां. मग प्रत्येक ज्ञातीनें आपआपली चाल, आपआपला उत्सव, आपआपली जागा राखली तर बिघडलें कोठें? आमचें उत्तर असें कीं, वैविध्य आणि उच्चनीचता या दोन गोष्टी एका नांवाखालीं खपवूं नयेत. वसईच्या ख्रिस्ती समाजांत सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. त्यांची बोली, त्यांचा पोषाख, त्यांचीं लग्नाचीं गाणीं निरनिराळीं आहेत, आणि तें त्या समाजाचें वैभव आहे. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेस लोकभाषेची मोकळीक दिली, १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच भूमींतले धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अशा वैविध्यानें कोणाचेंही ताट दूर सरकत नाहीं. बोली, वेष, गायन यांच्या भेदांत एकाची वस्तु दुसऱ्यास शिकतां येते, उचलतां येते. जातीच्या भेदांत मात्र एकानें वर बसावें व दुसऱ्यानें खालीं बसावें एवढेंच असतें; तेथें शिकण्यासारखें अथवा राखण्यासारखें कांहीं नाहीं. ख्रिस्ती मंडळीनें या देशांत वैविध्याचा सोपा भाग पुष्कळ अंशीं साधला, भजन-कीर्तन घेतलें, समई घेतली, साडी घेतली. कठीण भाग, म्हणजे बरोबरीचें आसन आणि बरोबरीची माती, हा अद्याप सर्वत्र साधलेला नाहीं. आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आतां सरकारच्या बाजूकडे वळूं. १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींचा जो आदेश काढला, त्याच्या तिसऱ्या कलमानें त्या सवलती मूळांत हिंदूंपुरत्याच ठेविल्या. १९५६ सालीं शीखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या लागू झाल्या. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासेस रस्त्याच्या कडेला जोडे शिवून पोट भरणाऱ्या एका ख्रिस्ती चर्मकारानें, आपल्या शेजारीं बसणाऱ्या हिंदु चर्मकारांस सरकारी दुकान मिळतें तें मलाही मिळावें, अशी दाद मागितली. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारतांना म्हटलें कीं, धर्मांतरानंतरही जातीचे हाल तितकेच तीव्र राहतात याचा पुरावा पुढें आलेला नाहीं. २००७ सालीं न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ सालीं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं याच प्रश्नासाठीं पुन्हा आयोग नेमण्यांत आला.

आमचें मत असें कीं, धर्माची ही अट अन्यायाची आहे. ज्यास गांव महार, मांग अथवा परैया म्हणून ओळखतो आणि तसेंच वागवितो, त्यास फक्त कचेरींतच तूं तो नव्हेस असें सांगणें हा न्याय नव्हे. अट काढली तर धर्मांतरास उत्तेजन मिळेल, असें कांहीं म्हणतात. परंतु भाकरीसाठीं माणसास आपली श्रद्धा लपवावी लागावी, हें कोणत्या धर्मास भूषणावह आहे? सध्यां सवलती घेणाऱ्या दलित बांधवांस आपला वांटा कमी होईल अशी भीति वाटते. ती मात्र रास्त आहे, आणि त्यांच्या वांट्यास धक्का न लागेल अशीच योजना करणें सरकारास भाग आहे.

परंतु येथेंच ख्रिस्ती पुढाऱ्यांचीही परीक्षा आहे. सरकारदारीं जाऊन आमच्या माणसांस अजून जातीचे हाल भोगावे लागतात असें सांगावयाचें, आणि घरीं येऊन आमच्यांत जात नाहीं असें म्हणावयाचें, हीं दोन्ही विधानें एका तोंडीं शोभत नाहींत. पहिलें विधान खरें असेल तर त्यांतील एक भाग स्वतःच्या दफनभूमीविरुद्ध साक्ष म्हणून द्यावा लागेल. ही साक्ष देण्याचें धैर्य कांहीं प्रमाणांत दाखविलें गेलें, हें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे. भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलितांविषयींचें धोरण प्रसिद्ध केलें. त्यांत मंडळीच्या आंतली अस्पृश्यता हें घोर सामाजिक पाप असल्याचें उघड कबूल केलें. देशांतील सुमारें १ कोटि ९० लक्ष कॅथलिकांपैकीं १ कोटि २० लक्ष दलित असल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. आणि २०२२ सालीं हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कार्डिनल झाले. त्या पदावर चढलेले ते पहिले दलित. ज्या समाजांत बहुसंख्य दलित, त्यांतला पहिला दलित कार्डिनल एकविसाव्या शतकाच्या बाविसाव्या वर्षीं व्हावा, यांत अभिनंदनाचें कारण आहे आणि लज्जेचेंही आहे.

धोरण छापलें म्हणजे भिंत पडली असें होत नाहीं. म्हणून कांहीं साध्या गोष्टी आम्ही सुचवितों. प्रत्येक धर्मप्रांतानें आपल्या सर्व दफनभूमींची पाहणी करून, कोठें जातवार जागा आहेत हें दरवर्षीं प्रसिद्ध करावें. नोंदवही एक असावी, वाट एक असावी, आणि मृत्यूच्या क्रमानें जागा द्यावी. उत्सवाची वर्गणी प्रत्येक घराकडून घ्यावी आणि मिरवणूक प्रत्येक आळींतून न्यावी. जेथें हें होऊं शकत नाहीं, तेथें त्या वर्षीं उत्सव स्थगित ठेवावा. मिरवणूक थांबल्यानें संताचा कोप होणार नाहीं. जातीच्या कॉन्फ्रारींचीं दारें सर्वांस उघडावीं. आणि सर्वांत अवघड असें सोयरीकीचें कार्य धर्मगुरूंनीं केवळ व्यासपीठावरून न सांगतां आपल्या ओळखीच्या घरांत घडवून आणावें. सरकारकडे आमचें मागणें एवढेंच कीं, गांवोगांवीं प्रत्येक धर्माच्या माणसास माती मिळेल अशी जागा पंचायतीच्या कागदावर नोंदलेली असावी. म्हणजे बापाच्या प्रेतासाठीं कोणा मुलास दिल्लीपर्यंत जावें लागणार नाहीं.

आमच्या मराठी भाषेंत शेजारधर्म हा शब्द फार जुना व फार साधा आहे. विरजण मागण्यापासून रात्रीबेरात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसण्यापर्यंत, आणि शेवटीं तिरडीस खांदा देण्यापर्यंत सर्व कांहीं त्यांत येतें. खांदा देणाऱ्यानें मेलेल्याची जात व धर्म विचारूं नये, एवढी साधी अपेक्षा बस्तरांतील त्या गांवास मान्य झाली नाहीं, आणि ज्या मंडळ्यांनीं दफनभूमींत भिंती राखल्या त्यांसही झाली नाहीं. ज्यांच्या धर्माची मुख्य आज्ञाच शेजाऱ्याविषयींची आहे, त्यांनीं या कामीं पुढें व्हावें, ही अपेक्षा आम्ही त्यांच्याविषयींच्या आदरानेंच करतों. त्यांनीं आपली भिंत पाडली, तर इतरांस आपल्या भिंती राखण्यास सबब उरणार नाहीं.